घाट उतरेना

बँडच्या ‘घाट’ या नव्या गाण्याचा बेत साधा होता. कन्नडचा घाट चढायचा, वळणावर सगळ्यांनी दणकून वाजवायचं, मग हळूहळू उतरून पाच मिनिटांत खाली. शब्द दोनच, तेही रस्त्यावरच्या पाटीवरचे: हॉर्न वाजवा. बाकी नुसती वाद्यं. लोकांना कळलं नाही की त्याला आर्ट रॉक म्हणायचं, असं गिटारवाल्या सांडूचं मत.

अडचण शर्वरीच्या कीबोर्डची होती. बाळ झाल्यापासून ती अंगदच्या झोळीपाशी बसून सराव करायची, तिचं तिलाच ऐकू येऊ नये इतक्या बारीक आवाजात. बोटांनाही तीच सवय लागली. स्टुडिओत दणक्याची जागा आली की ती पट्ट्यांना असा हात लावायची, जणू त्यांना ताप आहे का बघतेय.

"वहिनी, घाट चढताय का पाळणा हलवताय?" ड्रमवरून बद्रीनाथ ओरडला.

"आज जमलं तर जमलं," सांडू म्हणाला, "नाहीतर तुझा भाग मी कॉम्प्युटरवर करून घेतो."

काचेपलीकडे तिच्या सासूबाई द्वारकाबाई झोपलेल्या अंगदला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिथं स्पीकरवर सगळं ऐकू जात होतं, तिथलं बोलणं माइकवरून आत येत होतं.

"आई, तो उठेल हो."

"उठंल त उठंल! तू वाजव. लई लाड नको."

वळण आलं. शर्वरीनं कॉम्प्युटर डोळ्यांपुढं आणला आणि दहाही बोटं आपटली. अंगद ढिम्म! मग इतके महिने ती कुणासाठी कुजबुजत होती?

पुढं उतार. तिनं आवाज खाली आणला तसा अंगदचा पाय हलला, ओठ वाकडे झाले. घाबरून तिनं पुन्हा आपटलं. पाय थांबला. बद्रीनाथ गडबडला, पण मागोमाग गेला. पुन्हा उतार, पुन्हा पाय, पुन्हा दणका. सांडू भुवयांनी विचारत होता, उतरायचं कधी? तिला कुठं ठाऊक! काचेपलीकडून द्वारकाबाई हातानं ‘चालू दे’ म्हणत होत्या आणि तिघं घाटात अडकले होते. शेवटी त्यांनी दुधाची बाटली उंचावली, तेव्हा कुठं शर्वरी थांबली. पाचाची अकरा मिनिटं झाली होती.

सांडूनं सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं.

"आपण उतरायचं ठरवतो आणि घाट सोडतच नाही! हे कॉम्प्युटरला सुचलं नसतं. तुझाच भाग राहू दे. पण सुचलं कसं?"

शर्वरीनं आपल्या संगीतातल्या एम.ए.ला शोभेल असा चेहरा केला. "रचनेतूनच आलं ते."

"कशाची रचना!" द्वारकाबाई म्हणाल्या. "दूध लई गरम व्हतं. निवंस्तवर वाजव म्हनलं."