साफ पाण्याच्या कोंबड्या

उकंडरावनं सकाळी शेडचं दार उघडलं, कोंबड्या लिंबाखाली पांगल्या, आन् हा गडी त्यायच्या मागं वाकून वाकून चालू लागला. कोंबडीचं तोंड पाहाचं त्यानं कईचंच सोडलं होतं. जे काई भविष्य होतं ते मागच्या बाजूनं दिसत होतं, आन् ते पातळ होतं.

"आजबी तसंच," तो बायकोले, संजीवनीले, म्हणे. "बावीस दिवस झाले. पावडर घालून राह्यलो का पीठ, काई समजत नाई."

चारशे बॉयलर, पण रानात मोकळे फिरणारे. खामगाव रोडवरच्या ढाब्याचा मालक कुलदीप येत्या रविवारी पाहाले येणार होता. त्याची अट एकच, कोंबडीच्या पोटात दवाई गेलेली नको. जमलं तं सालभर कोंबड्या तोच इकत घेणार. म्हणून उकंडरावनं अँटिबायोटिकची बाटली फळीवर सरकवली आन् प्रोबायोटिक, प्रीबायोटिक अशा दोन पावडरी आणल्या. आपल्या कोंबड्या आता पोटानं पहेलवान होतीन, असं पिंपळगावभर सांगत फिरला. आन् पहेलवानायच्या मागं तो सकाळ-संध्याकाळ राख टाकत हिंडून राह्यला होता.

त्यानं दुकानदार सागरले फोन लावला.

"सागर, पुड्यात चुना भरून इकून राह्यला का बे?"

"काका, बारा जणायनं नेली. तुमच्याच कोंबड्या काऊन हगून राह्यल्या?"

"हे म्या तुले इचारलं पाह्यजे का तू मले?"

फोन ठेवला आन् नजर फळीवर गेली. दोन दिवस बाटली देल्ली का हगवण बंद. कुलदीपले कोण सांगते? कोंबडी तं सांगणार नाई. हात वर गेला, तं मागून संजीवनी बोलली.

"त्या माणसाले शब्द देल्ला तुम्ही."

"तुह्यं काय जाते त्याच्यात?"

"नाव जाते. आशाताईच्या घरातून खोटं निंघालं म्हणतीन लोक."

संजीवनी गावची आशाताई, घरोघर तब्येतीचं सांगत फिरणारी. तिच्या वॉर्डात दोन साल झाले, एकाले हगवण लागली नव्हती. लागली ते तिच्याच दारातल्या चारशे जीवायले. उकंडरावच्या तोंडावर हे आलं होतं, पण जेवण बाकी होतं, म्हणून त्यानं गिळलं.

त्याच दिवशी, मंगळवारी, जनावरायच्या डॉक्टर योगिनीबाई आल्या. कोंबडी पाह्यली, खाद्य पाह्यलं, पावडरीचं पुडकं वाचलं. "पावडर चांगली आहे," म्हणाल्या. मंग पाण्याच्या भांड्यापाशी वाकल्या.

"हे पाणी कुठलं?"

"घरच्या टाकीतलं. एकदम साफ."

"याला ब्लिचिंगचा वास येतोय, काका."

उकंडरावनं नाक लावलं. त्याले काईच आलं नाई. येईन कसं? त्याच्या घरी चहालेबी हाच वास होता. परगावच्या लग्नात पाणी फिक्कं लागते म्हणून तो घरून बाटली घेऊन जाये.

संजीवनी खुशीत पुढं झाली. "मीच टाकतो ना, रोज उठल्याबरोबर. माणसायले जंतू पाजत नाई, तं कोंबड्यायले काऊन पाजाचे? यायले पातळ होऊ लागली तं म्या दुप्पट केलं."

योगिनीबाई ओट्यावर बसल्याच. "काकू, त्या पावडरीत जंतूच असतात. पोटाला चांगले, जिवंत. आणि दुसरी पावडर म्हणजे त्यांचा जेवणाचा डबा. काका सहा वाजता पावडर पाण्यात टाकतात, आणि ते पाण्यात पडल्या पडल्या मरतात."

"म्हणजे बावीस दिवस," उकंडराव सावकाश म्हणाला, "म्या मुडद्यायले डबा पोचवून राह्यलो."

"विहिरीचं पाणी द्या. तुमची विहीर चांगली आहे."

विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाले. उकंडराव दोन बादल्या घेऊन भर गावातून निंघाला, तं पारावरून आवाज आला, "काऊन उकंडभौ, आशाताईनं टाकीतलं पाणी बंद केलं का?" संजीवनीले हे कळलं. विहिरीचं पाणी कच्चं पिऊ नका, हे तिनं दारोदार सांगतलं होतं. तिनं नवऱ्याले हुकूम सोडला, दर दारासमोर 'कोंबड्यायचं हाये' असं म्हणत जाचं. तो म्हणत गेला. रोज आठ खेपा.

रविवारी कुलदीप आला. कोंबडी उचलली, उलटी केली, पिसं फुंकून मागून पाह्यलं. कोरडं, साफ. उकंडरावचा श्वास मोकळा झाला.

"दवाई?"

"नाई," संजीवनी म्हणाली.

"मानलं. पण भौ, हे तं सव्वा किलोबी भरत नाई. हाडं इकू का म्या गिऱ्हाइकायले?" त्यानं कोंबडी खाली सोडली. "तीन हप्त्यानं येतो, तवापर्यंत वजन भरू द्या. हेच पाणी, हेच पावडर. यात काई बदललं तं मंग दुसरीकडं पाहीन."

गाडी गेली. उकंडरावले कोणाले तरी शिव्या देयाच्या होत्या. पावडर बरोबर होती, डॉक्टरबाई बरोबर होत्या, कुलदीप बरोबर होता. सागरले तं शिव्या आधीच देऊन बसला होता, त्या वापस घ्याच्या होत्या. राह्यली बायको, आन् ते बाटलीच्या वक्ताले बरोबर होती.

"बसले काऊन?" संजीवनी बादल्या घेऊन आली. "ऊन व्हाच्या आत दोन खेपा होतेत."

त्यानं बादल्या घेतल्या. एकवीस दिवस, रोज आठ खेपा. पहिल्या दारापाशी पोचेपोचेतो हिशोब लागला नाई, आन् तोंडानं म्हणाच लागलं, "कोंबड्यायचं हाये."