मागची खुर्ची

"उद्यापासून शेपूट नाही!" मुली जिन्यात ओरडत सुटल्या, आणि नेमकी तेव्हाच शेपूट विणकामाची पिशवी सांभाळत वर येत होती.

शेपूट म्हणजे सोबतीणकाकू. मुलींसाठी निघालेलं हे पहिलंच कॉलेज. पण तासांना जावं लागे मुलांच्या कॉलेजात, आणि सोबत कुणी मोठं बाईमाणूस असल्याशिवाय तिथे मुलींना वर्गात घेत नसत. म्हणून काकू बावीस वर्षं मागच्या खुर्चीत मोजे विणत बसल्या. तो नियम आज एकदाचा गेला.

"काकू, राग नाही ना आला?" सगळ्यांत आगाऊ मुलीनं विचारलं.

"राग कसला गं? पाय मोडून आलेत माझे. सुटले बाई!"

असं म्हणाल्या आणि तडक प्राचार्यबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला वसतिगृहाच्या कपड्यांच्या कोठीत घेतलंय," बाई म्हणाल्या. "जिने नाहीत, दगदग नाही."

"बरं झालं. पण बाई, ताऱ्यांच्या तासाला मी नुसती मागे बसले तर? सुयासुद्धा नाही आणणार."

"कोण म्हणून बसवू? विद्यार्थिनी? शिक्षण कुठवर झालंय तुमचं?"

"चौथी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"असू दे," काकूच म्हणाल्या. त्यांना काही वाटलं नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, अगदी तसं.

दुपारी काकूंचा शेवटचा तास, ताऱ्यांचाच. सर धूमकेतूवर आले आणि अडले. "तर हा पुन्हा दिसणार... किती वर्षांनी बरं..." ते कागद चाळू लागले.

"शहात्तर," मागून आवाज आला.

"शाबास!" सर पहिल्या बाकावरच्या आगाऊ मुलीकडे बघून म्हणाले. ती घाईघाईनं उठली, "सर, मी नाही, त्या..." आणि मागे वळली. काकूंनी मान हलवली. नको. मग टाके मोजायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ताऱ्यांच्या तासाची घंटा झाली तेव्हा काकू चादरींच्या घड्या घालत होत्या. समोर मुलांच्या कॉलेजच्या फाटकातून मुली एकट्याच आत शिरल्या, खिदळत.

काकूंनी हातातली घडी पुरी केली. कोपऱ्यातली खुर्ची ओढून मागच्या भिंतीला टेकवली, तोंड कपाटाकडे, वर्गात जिकडे फळा असतो तिकडे. पिशवी न उघडता त्या बसल्या. तास सुटल्याची घंटा होईपर्यंत बसून राहिल्या.