शेवटचं पान आधी

सरोजिनीने ओल्या फडक्याची वळी करून खिडकीच्या फटीत कोंबली आणि बोटाने दाबून बसवली. अश्रुधुराचा वायू हवेपेक्षा जड असतो, आधी तळमजल्यावर साचतो. म्हणून खालची बिऱ्हाडं सकाळीच पोरंबाळं घेऊन वर आली होती. आता धूर विरला होता, तरी खाली कोणी उतरत नव्हतं.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर जाहीर झाल्यापासून गिरगाव बंद होतं. फणसवाडीच्या तोंडाशी कोणी दगड रचून वाट अडवली होती. दुपारी ठाकुरद्वारच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. मग सुके, तुटक आवाज. त्यानंतर आरडाओरडा थांबला.

श्यामकांत चहाला येणार होता. छापखाना बंद असला तरी मालक वरच राहतो, त्याच्याकडून शेवटच्या प्रकरणाची प्रुफं घेऊनच येतो, असं काल म्हणाला होता.

"तुम्ही वाचल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही."

"मी शेवटचं पान आधी वाचते, माहीत आहे ना?"

"म्हणून तर तेच आणतोय."

ही सवय तिला रघुवीर गेल्यापासून लागली. नवरा विषमज्वराने गेला आणि ती वाचनालयात नोकरीला लागली. शेवट वाईट असेल ते पुस्तक ती घरी आणत नसे. वाचनालयातल्या बायकाही मग पुस्तक पुढे करून तिलाच विचारत, "सरोजिनीबाई, गोड आहे ना?"

श्यामकांतच्या विनोदी प्रेमकादंबऱ्या सगळ्या गोडच. स्वतःच्या कादंबरीला मागणी किती आहे, हे बघायला तो एकदा आला, तेव्हा ती म्हणाली होती, "हसवता छान. पण तुमच्या पुस्तकातल्या विधवेला एकच काम. कोणाकडे माणूस गेलं, घरात चूल पेटली नाही, की ही शेजारून पिठलं-भात नेऊन देते. पुढच्या प्रकरणात गायब."

तो हसला. "तिने काय करावं मग?"

"मला काय विचारता? लेखक तुम्ही."

पुढची कादंबरी त्याने विधवेचीच लिहायला घेतली. ती चुकीच्या ट्रामने जाते, मीटर तपासायला आलेल्या माणसाला स्थळ समजून पोहे खायला घालते. सरोजिनी एकेक प्रकरण वाचून तोंडात पदर धरून हसे. दिवाळीत त्याने तिला लग्नाचं विचारलं. येत्या आठवड्यात रजिस्ट्रारकडे सह्या व्हायच्या होत्या.

तेव्हापासून शेजारच्या अंबिकाकाकूंनी तिचा उंबरा ओलांडला नव्हता. रघुवीर गेला तेव्हा याच काकू तिच्या उशाशी बसल्या होत्या. आता गॅलरीत, तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "कादंबऱ्या वाचायच्या असतात बाई, करायच्या नसतात."

ऊन कलल्यावर सरोजिनीने चपला घातल्या. जिन्याशी काकूंचे यजमान चिंतामणीकाका भेटले.

"कुठे निघालीस? बाहेर धरपकड चाललीय."

"छापखान्यापर्यंत. ते अजून आले नाहीत."

दारातून काकूंचा आवाज आला. "आणि कोण म्हणून विचारणार आहेस तिथे? अजून तू त्याची कोणी लागत नाहीस."

सरोजिनी कठडा धरून उभी राहिली. चिंतामणीकाकांनी टोपी सारखी केली. "तू थांब, पोरी. मी बघून येतो."

ती घरात आली. उशी झटकली, दोन कपबशा पुसून मांडल्या, एकीचा कान तुटका होता म्हणून बदलली.

काका परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. ती गॅलरीत आली. ते मोरीवर हात धूत होते, बराच वेळ, कोपरापर्यंत.

"भेटले का काका?"

"गर्दी आहे फार," ते नळाकडे बघत म्हणाले आणि आत गेले. पाठोपाठ त्यांचं दार लागलं. ते दार झोपायच्या वेळेआधी कधी लागत नसे. पलीकडच्या बिऱ्हाडात चाललेला रेडिओ कोणीतरी बारीक केला.

गर्दी म्हणजे वाट अडली असणार. येईल उशिरा. आला की लगेच चहा देता यावा म्हणून तिने दिवाही न लावता स्टोव्ह पेटवला, पंप मारला, आधण ठेवलं.

भिंतीपलीकडेही स्टोव्ह फुरफुरत होता. तेल तापल्याचा वास आला, मग लसणीचा. मग हिंग. मग डाळीच्या पिठाचा.

सरोजिनीचा हात साखरेच्या डब्यावर राहिला.

बाजार बंद आहे, तिने स्वतःला सांगितलं. भाजी कुठेच नाही. आज चाळीत घरोघरी पिठलंच असणार. सकाळी समोरच्यांकडेही तोच वास होता. यावरून काही सिद्ध होत नाही. तिने चहाची पूड काढली, परत डब्यात घातली, पुन्हा काढली.

पलीकडचा स्टोव्ह बंद झाला. दाराची कडी वाजली. पावलं गॅलरीतून आली आणि तिच्या दाराशी थांबली.

अंबिकाकाकू उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात झाकलेलं पातेलं.

"काकू, आधण ठेवलंय," सरोजिनी घाईघाईने म्हणाली. "ते येतीलच एवढ्यात. तुम्हीपण घ्या घोटभर."

उंबरा ओलांडून त्या आत आल्या, पातेलं भिंतीशी ठेवलं, आणि स्टोव्हपुढे उकिडव्या बसल्या. पाणी उकळायला लागलं होतं. त्यांनी ते खाली उतरवलं.

"नको, काकू."

"आज तुझ्या घरात चूल नको, सरू," त्या म्हणाल्या, आणि स्टोव्हची चावी सैल केली. सूं करून हवा सुटली, निळी ज्योत आक्रसत गेली आणि काळोखात रॉकेलचा वास तेवढा राहिला.