मानसोकचा पांढरा कंदील

बावीस वर्षं तोक्सुन नवऱ्याच्या नावाचा गुलाबी कंदील टांगत आली होती, आणि बावीस वर्षं विहारातल्या बायका तो बघून न बघितल्यासारखं करत होत्या. रंगीत कंदील जिवंत माणसांचे, ते मोठ्या मंदिरापुढच्या अंगणात. पांढरे गेलेल्यांचे, ते बाजूच्या ओसरीवर. कोरियातल्या कुर्योंगपोच्या बंदरावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिचा नवरा मानसोक समुद्रात माकुळ मासळी धरायला गेला तो परतलाच नाही. लाटांनी त्याच्या बोटीची एक फळी तेवढी आणून टाकली. फळी म्हणजे काही नवरा नव्हे, असं तोक्सुनचं म्हणणं. तिच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, म्हणून कुणी घालत नसे.

यंदा मात्र मुलाचा, कीहोचा, फोन आला होता. "आई, मी बुद्धजयंतीला येतोय. आता तरी बाबांना पांढरा लाव गं. मला त्यांच्यासाठी हात जोडायचेत. कुठं उभं राहून जोडू, तेवढं कळू दे." "बघू," म्हणून तोक्सुननं फोन ठेवला. पण त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना. पांढरा लावायचा म्हणजे आपल्याच हातानं त्याला पाण्यात ढकलायचं, असं तिला वाटे. शेवटी सवयीनं तिनं गुलाबीच केला आणि टांगला.

सणाच्या दिवशी दुपारी कंदिलांच्या खोलीत शेवटची घाई चालली होती. कमळाच्या कागदी पाकळीचं टोक खळ लावून चिमटीत पिळायचं, एकेक पाकळी सांगाड्यावर डकवायची, शेवटी खाली हिरवी पानं आणि नाव नि प्रार्थना लिहिलेली चिठ्ठी. महिनाभर हेच करून बायकांची बोटं रंगली होती. त्यांच्यात तीन दिवसांपासून मार्लूस बसत होती. हॉलंडची पाहुणी, चाळिशीची. पूर्वी दोन वर्षं सोलमध्ये राहिलेली, त्यामुळे मोडकंतोडकं कोरियन बोलायची. उंची अशी, की आल्या आल्या तिचं कपाळ चौकटीवर आदळलं होतं.

"शिडी कशाला शोधताय?" त्या बायकांतली तोंडाळ कुमजा म्हणाली होती. "बुद्धानं चालती-बोलती शिडी धाडलीय!" तेव्हापासून अंगणातले रंगीत कंदील टांगायचं काम मार्लूसकडे. सकाळी तिनं स्वतः केलेला नारिंगी कंदीलही लावला, आईच्या नावाचा.

"आई कितीची गं तुझी?" खळ ढवळता ढवळता कुमजानं विचारलं.

"एकोणसत्तर. होती."

"होती म्हणजे?"

"फेब्रुवारीत वारली."

कुमजाच्या हातातला ब्रश खळीत पडला. "अगं बाई! आणि तिच्या चिठ्ठीवर आरोग्य नि दीर्घायुष्य? मेलेल्या माणसाला का कुणी दीर्घायुष्य—" एवढं बोलल्यावर तिला शेजारी तोक्सुन बसलेली दिसली आणि तिनं जीभ चावली. खोलीत सगळ्याजणी एकदम पाकळ्या पिळू लागल्या.

मार्लूस गोंधळून तोक्सुनकडे बघत होती. "आजी, मेलेल्यांनाही कंदील असतो?"

आता उत्तर देणं भाग होतं. "असतो," तोक्सुन म्हणाली. "पांढरा. चांगल्या ठिकाणी जन्म मिळो, असं लिहायचं त्यावर."

मार्लूसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतेय की हसतेय, कळेना. "आमच्याकडे अग्नी दिला, की कॉफी पितात, केक खातात आणि घरी जातात. आईसाठी करायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. मला वाटलं, दिवे फक्त जिवंतांना. म्हणून मी तिला चोरून त्यांच्यात घुसवलं. म्हणजे तिच्या हक्काचाही दिवा आहे इथं? फार उपकार झाले, आजी."

तिच्या हक्काचा. तोक्सुनच्या हातातली पाकळी पिळायची राहून गेली. बावीस वर्षं समुद्राच्या तळाशी असलेल्या माणसाला आपण आरोग्य मागत होतो, आणि त्याच्या हक्काचा दिवा कुणी लावलाच नव्हता. सगळ्यांचे कंदील लागत, आणि तेवढा एक मानसोक अंधारात. तिला त्याची इतकी दया आली, की डोळे भरून आले.

"कुमजा," ती म्हणाली, "पांढऱ्या पाकळ्या आण. दोन कंदिलांच्या."

कुमजानं जन्मात पहिल्यांदा काही न बोलता सांगितलेलं काम केलं.

ऊन उतरेपर्यंत दोन्ही कंदील झाले. मार्लूसनं आईचा ओसरीवर बांधला. "आणि हा कुणाचा, आजी?"

"माझ्या नवऱ्याचा," तोक्सुन म्हणाली. "मेला तो." आज पहिल्यांदाच तिनं ते तोंडानं उच्चारलं. "त्या टोकाला बांध बाई. तिथून बंदर दिसतं. फार उपकार केलेस तू माझ्यावर."

"मी? मी तर चुकले होते!"

"चुकलीस म्हणूनच."

मग तोक्सुन अंगणात गेली. गुलाबी कंदिलाची चिठ्ठी सोडवून तिनं घडी केली आणि कमरेला खोचली. नव्या चिठ्ठीवर मार्लूसचं नाव लिहिलं, खाली आरोग्य आणि दीर्घायुष्य. कंदील चांगला झाला होता, वाया कशाला घालवायचा!

दिवे लागले तेव्हा कीहो पायऱ्या चढून आला. आईनं ऐकलं नसणार हे धरूनच तो सरळ अंगणात शिरला, आणि मान वर करून रंगीत कंदिलांमध्ये बापाचं नाव शोधू लागला.

"कीहो," ओसरीवरून हाक आली. "तिकडे नको बघू रे. बाबा इकडे आहेत."