जांभळ्या दिव्याखाली

माझा नवरा सकाळी चहा पिता पिता विखुरला. कप टेबलावर राहिला. खुर्चीवर आणि फरशीवर तांबूस धूळ पसरली. वाऱ्याने तो बाहेर जाऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली.

निशिकांत प्रयोगशाळेत सोन्याचे कण जुळवायचा, एकेकटे डोळ्यांना न दिसणारे, ढिगात असेच तांबूस. जांभळा उजेड पडला की ते आपणहून एकमेकांना धरतात आणि साध्या उजेडात सुटतात, एवढं त्याने मला समजावलं होतं. म्हणून मी पडदे ओढले आणि त्याच्या कपाटातला जांभळा दिवा लावला. आधी पाय जुळले. मग पोट, खांदे. तोंड शेवटी.

"चहा गार झाला का गं?"

"दुसरा करते."

तेव्हापासून आम्ही त्याच खोलीत राहत होतो. दिवा तापला की बंद करावा लागे. दाराखालच्या फटीतून येणारा उजेडही त्याला सोडवायला पुरत असे. परत जुळताना काहीतरी चुकायचं. एकदा कान मानेवर आला.

"कणांना आपली जागा कळत नाही," तो म्हणाला. "शेजारी कोण आहे, तेवढंच कळतं."

शेजारी मी झोपत होते. एका दुपारी माझी करंगळी त्याच्या हातावर गेली. दुखलं नाही. नखावर माझं नेलपॉलिश तसंच होतं.

"परत दे ना."

"यातली तुझी कुठली?" त्याने खरंच विचारलं. मला त्याची दया आली.

मग अमरावतीहून सासूबाई आल्या.

"निशू, किती दिवस असा अंधारात बसणार आहेस रे?"

"आई, आत येऊ नका," मी ओरडले.

"अगं, त्याला जरा ऊन लागू दे." त्यांनी दार ढकललं आणि थेट जाऊन पडदा सरकवला.

आधी तो गेला. मग मी गुडघ्यांपासून सुटत गेले. सासूबाई फरशीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी आम्हाला गोळा करू लागल्या. "यातला माझा कुठला?" त्या रडत विचारत होत्या. सांगायला मला तोंड नव्हतं.

त्यांनी पडदा ओढला. आम्हाला ओच्यात घेऊन त्या दिव्याला अगदी चिकटून बसल्या. या वेळी तोंड आधी जुळलं, त्यांच्या तळहातावर. मला म्हणायचं होतं, लांब व्हा. तोंड म्हणालं, "भूक लागली."

त्यांनी पदराच्या टोकाने ते हळूच पुसलं. पुसणारी बोटं एकेक करून आमच्याकडे येत होती.