धाकट्या जावेचे पाच थेंब

सुकून गेलेल्या बाळाची नस शोधून सलाइन लावण्यात आमच्या दवाखान्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. जुलाबाच्या वॉर्डात एकेका खाटेवर तीन-तीन पोरं असायची आणि डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "सिस्टरना बोलवा."

मग रोटाव्हायरसची लस आली. लस कसली, तोंडात पाच थेंब. माझ्या धाकट्या जावेला धड नस सापडत नाही, म्हणून तिला लसीच्या खोलीत बसवलेली. तेच काम तिच्या पथ्यावर पडलं. दोन-तीन वर्षांत माझ्या अर्ध्या खाटा रिकाम्या झाल्या आणि तिच्या दारात रांग लागली. आया तिच्याकडे बघून हसायच्या. माझ्याकडे येणारी आई रडतच यायची. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यातच सासरहून लेकीचा फोन आला. "आई, बाळाला सुया टोचल्या. जुलाबाच्या लसीचे थेंबही देतायत, पाजू का?"

"सुया पुरेत. थेंबांचं काय एवढं? मी आहे ना."

नात आठ महिन्यांची झाली आणि लेक माहेरी आली. तिसऱ्या दिवशी नातीला उलट्या-जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना. मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. वॉर्डात तेव्हा पेशंट ती एकटीच होती. मी तीनदा सुई घातली, तीनदा चुकली. जाऊ धावत आली आणि तिनं नातीचा पाय धरला. चौथ्यांदा नस सापडली.

सकाळी नातीनं डोळे उघडले. जावेनं लसीचं कार्ड पाहिलं. रोटाच्या थेंबांचे तिन्ही रकाने कोरे होते.

"नको कुणी सांगितलं गं?"

"राहून गेलं, काकू," लेक खाली बघत म्हणाली. मला झाकत होती.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "तुझ्या दारातली रांग मला बघवत नव्हती."

जावेनं कार्ड मिटून लेकीच्या हातात दिलं. "अजून वर्षाची नाही झाली. बरी झाली की घेऊन या, ताई."

दहा दिवसांनी मी नातीला घेऊन रांगेत उभी राहिले. जावेनं पुढे बोलावलं, पण मी नंबर सोडला नाही. आमची पाळी आली, तिनं पाच थेंब पाजले आणि नात तिच्याकडे बघून हसली.

माझा पांढरा गणवेश दिसला की ती अजून रडते.