दर तासाला एक थेंब

चिकुनगुनियाचा ताप उतरून महिना झाला आणि दुर्गाबाईचा डावा डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना, समोरचं धुरकट दिसू लागलं. शुक्रवार पेठेत घरच्या घरी कडक भाकरी करून विकणाऱ्या या बाईला भाकरीची कडच दिसेना, तेव्हा ती घाबरली.

"डोळे आलेत, दुसरं काय!" नवरा कमलाकर म्हणाला. तरी त्याला घेऊन ती सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात गेलीच.

"हे डोळे येणं नव्हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डोळ्याच्या आत सूज आहे. चिकुनगुनियानंतर काहींना होते. वेळेत आलात. थेंब दर तासाला घाला, आणि मला विचारल्याशिवाय बंद करू नका."

कमलाकर निवृत्त हेडक्लार्क. घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला नव्हता, पण वेळेचा पक्का. मोबाईलवर गजर लावून तो तासातासाला हजर. "दहा वाजले. वर बघ." पहिल्या दिवशी निम्मे थेंब गालावर आणि एक चक्क कानात.

"अहो, डोळा इथं आहे की!" दुर्गाबाई हसता हसता खाटेवर आडवी झाली.

आठवड्यात लाली गेली. कमलाकर पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस अकलूजला गेला, आणि हिनं थेंब बंद केले. तो परतला तेव्हा डोळा पुन्हा लाल.

"बरं वाटत होतं की," ती पुटपुटली.

तो रागावला नाही. पिशवी दारातच ठेवली आणि तिला घेऊन थेट दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी दोघांनाही झापलं, थेंब पुन्हा सुरू केले आणि ते सहा आठवड्यांत हळूहळू कसे कमी करायचे ते कागदावर लिहून दिलं. त्या सहा आठवड्यांत कमलाकर चहा शिकला, खिचडी शिकला आणि नेम तर असा बसला, की थेंब बरोबर डोळ्यात.

शेवटच्या तपासणीला दुर्गाबाईनं तक्त्याची खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"सूज पूर्ण गेली," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी जाताना तिनं रिक्षा करू दिली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक पाटी ती मोठ्यानं वाचत निघाली: चादरींची दुकानं, चष्म्यांची, झेरॉक्सची.

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. मलाही ते सगळे दिसतायत!"